चुलत्याचं झालं, म्हणून लेकराचंही होणार का?

हा प्रश्न डॉक्टरसमोर क्वचित येतो. तो येतो शेडनेटमध्ये, मिरचीच्या क्रॉसिंगला लागलेल्या बायांमध्ये. चिमट्याने कळी उकलता उकलता एक जण शेजारणीला हलक्या आवाजात विचारते, "ह्याच्या चुलत्याचं बी दहावीनंतरच सुरू झालं होतं. आता हे पण कुणाशी बोलंना. ह्याला बी होणार का गं ते?"

'ते' म्हणजे काय, हे दोघींनाही ठाऊक असतं. घरात त्या आजाराला नाव नसतं. 'ते', 'तसलं', फार तर 'डोक्याचं'.

हे गाव टेंभुर्णी. पुण्याहून सोलापूरला जाताना लागते ती नव्हे. ही जालना जिल्ह्यातली, जाफ्राबाद तालुक्यातली. शेजारी बुलढाणा जिल्हा आणि त्या जिल्ह्यात सैलानीबाबांचा दर्गा. 'डोक्याचं' झालेल्या माणसाला घेऊन या पट्ट्यातली कितीतरी घरं आधी तिथे जातात, डॉक्टरचा नंबर नंतर लागतो. अशा घरातलं तेरा-चौदा वर्षांचं लेकरू हा या प्रकरणाचा विषय आहे. ते अजून आजारी नाही, कदाचित कधी पडणारही नाही. पण चुलत्याकडे पाहून झाल्यावर सगळ्यांची नजर आपल्याकडे वळते, हे त्याला कळत असतं. ते एकटंच बसलं की आजी देवापुढे पुटपुटते, हेही.

१. उगवण आणि उतारा

बियाण्याच्या गोष्टी जालन्याला सांगायला नकोत. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली महिको ही बियाण्यांची कंपनी इथेच उभी केली आणि १९९८ साली त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. कंपनीचं राहू द्या. साधा सोयाबीनवाला शेतकरीसुद्धा पेरणीआधी शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवतो आणि सत्तर उगवले की पेरायला हरकत नाही म्हणतो. पण त्या सत्तरावरून एकरी उतारा किती येईल, हे तो सांगत नाही. मधे पाऊस आहे, जमीन आहे, अळी आहे, वेळेवर झालेली किंवा राहून गेलेली कोळपणी आहे.

आनुवंशिकतेचंही असंच आहे. स्किझोफ्रेनिया हा भास, संशय आणि विचारांची गुंतागुंत घेऊन येणारा आजार शंभरातल्या साधारण एका माणसाला होतो. आई किंवा वडिलांपैकी एकाला तो असेल, तर मुलाला होण्याची शक्यता शंभरात दहाच्या आसपास जाते. चुलत्याला किंवा मामाला असेल तर शंभरात तीन-चार. धोका वाढतो, हे खरं. पण हाच आकडा उलट्या बाजूने वाचला, तर चुलत्याला आजार असलेल्या शंभर पुतण्यांपैकी शहाण्णवांना तो होत नाही. एकाच बियाण्याचे म्हणावेत अशा एकसारख्या जुळ्यांमध्येसुद्धा एकाला हा आजार झाला, तर दुसऱ्याला तो होण्याचं प्रमाण निम्म्याच्या वर जात नाही. उरलेलं सगळं बीजाबाहेरचं.

नैराश्य याहून कितीतरी जास्त घरांत आढळतं. आई किंवा वडिलांना ते असेल, तर मुलांमधला धोका इतरांच्या दोन-तीन पट असतो. बंगळूरच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये देशभर केलेल्या पाहणीत १३ ते १७ वयाच्या मुलामुलींत ७.३ टक्क्यांना कुठला ना कुठला मानसिक आजार आढळला. शिवाय मोठेपणी दिसणाऱ्या मानसिक आजारांपैकी जवळपास निम्मे चौदाव्या वर्षाच्या आतच सुरू झालेले असतात. तेव्हा 'अजून लहान आहे, मोठा झाल्यावर बघू' हे वाक्य इथे चालत नाही.

२. 'मन घट्ट कर' म्हणजे नेमकं काय कर?

मन घट्ट कर, टेन्शन घेऊ नको, मनावर घेऊ नको. सल्ले प्रेमाचे असतात, पण त्यात करायचं काहीच नसतं. ज्या पोराला रात्री दोनपर्यंत झोप नाही, त्याने घट्ट करायचं म्हणजे कुठली दोरी आवळायची?

रोपवाटिकेत हे काम नीट कळलेलं आहे. सावलीत वाढलेलं मिरचीचं रोप थेट वावरात नेलं, तर दुपारपर्यंत माना टाकतं. म्हणून लावणीच्या आठ-दहा दिवस आधी पाणी कमी करत नेतात, नेट थोडा थोडा वेळ बाजूला सारतात, रोपाला ऊन दाखवतात. याला रोपं कणखर करणं म्हणतात. यात ऊन खरं असतं, पण मोजून दिलेलं. आणि रोज संध्याकाळी कुणीतरी येऊन पानं बघून जातं.

ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञ मायकेल रटर यांनी मुलांबद्दल जवळपास हेच मांडलं. पेलवतील एवढ्या अडचणींना तोंड देऊन बाहेर पडलेलं मूल पुढच्या अडचणीला जास्त तयार असतं. चूक दोन्ही टोकांना होते. घरात आजार आहे म्हणून पोराला एसटीनेसुद्धा एकट्याला न पाठवणं, हे एक टोक. बाप आजारी म्हणून चौदाव्या वर्षी पूर्ण घर, सोसायटीचं कर्ज आणि धाकट्या भावंडांसकट त्याच्या अंगावर टाकणं, हे दुसरं. दुसऱ्या टोकाचं आपल्याकडे कौतुक होतं. 'लई समजूतदार पोरगं' म्हणतात त्याला.

कणखर म्हणजे न रडणारा, असाही एक समज आहे. पहाटे भरतीसाठी रस्त्यावर पळणाऱ्या पोरांना तो विशेष ऐकवला जातो. मानसशास्त्राला चेहरा कोरा ठेवण्यात रस नाही. मूल कोलमडलं तर किती दिवसांत परत जेवायला, झोपायला, शाळेत जायला लागलं, आणि त्यासाठी कुणाकडे गेलं, हे ते पाहतं. या परत उभं राहण्याला भावनिक लवचिकता म्हणतात.

३. काउआई बेटावरची ६९८ लेकरं

हवाईतल्या काउआई बेटावर १९५५ साली जन्मलेल्या ६९८ बाळांचा एमी वर्नर आणि रूथ स्मिथ या दोघींनी अनेक दशकं माग ठेवला. पाळण्यापासून चाळिशीपर्यंत. बेट उसाच्या मळ्यांचं. बरीच घरं मजुरांची, त्यातली काही दारूने, भांडणांनी किंवा आईबापाच्या मानसिक आजाराने खिळखिळी झालेली.

दोन वर्षांचं होईपर्यंत ज्यांच्या वाट्याला अशा चार किंवा जास्त गोष्टी आल्या होत्या, अशी २०१ मुलं त्यांनी वेगळी काढली. त्यातल्या १२९ जणांचं पुढे काही ना काही बिघडलं. उरलेली ७२ मात्र धडधाकट मनाची, कामाला लागलेली, माणसांत मिसळणारी माणसं झाली. घरं तीच, गरिबी तीच, मग फरक कुठे पडला?

वर्नरबाईंना जे सापडलं त्यात चमत्कारिक असं काही नव्हतं. या मुलांना निदान एक मोठं माणूस धरून होतं. ते आई किंवा वडीलच असावेत असं नव्हे. आजी, मावशी, शेजारीण, शिक्षक, कुणीही. त्यांच्यावर घरातलं एखादं काम सोपवलेलं होतं, झेपेल असं आणि ज्यावाचून घराचं अडेल असं. त्यांना एखादी गोष्ट बऱ्यापैकी जमत होती. अमेरिकेतल्या संशोधक ॲन मास्टन यांनी पुढे अशा गोष्टींना साध्यासुध्यातली जादू म्हटलं.

टेंभुर्णीत आजी-मावश्यांची वाण नाही. पण धरून असणं आणि नजर ठेवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नजर ठेवणारा विचारतो, "आज का जेवला नाहीस?" धरून असणारा ताट घेऊन शेजारी बसतो. काही विचारायचं ते दोन घास खाऊन झाल्यावर.

मुलींच्या बाबतीत ऊन वेगळ्याच दिशेने येतं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत जालना जिल्ह्यातल्या २० ते २४ वयाच्या बायांपैकी सुमारे ३५ टक्के जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं. राज्याची सरासरी २२ च्या आसपास. घरात आजार असला की 'लोकांना कळायच्या आत उरकून टाका' ही घाई वाढते. पंधराव्या वर्षी शाळा, मैत्रिणी आणि ते एक धरून असणारं माणूस एकदमच सुटलं, तर कणखरपणाचे कुठलेही धडे त्या मुलीला पुरे पडणार नाहीत.

४. आधी बापाला गोळी

अमेरिकेतल्या चार शहरांत ज्युडी गार्बर आणि सहकाऱ्यांनी एक प्रयोग केला. तो २००९ साली प्रसिद्ध झाला. आई किंवा वडिलांना नैराश्य असलेली ३१६ मुलं त्यात होती. निम्म्यांना आठ आठवडे, आठवड्यातून एकदा दीड तास गटात बसवून मनात येणारे विचार तपासायला आणि अडचणी सोडवायला शिकवलं. पुढे महिन्यातून एकदा अशा सहा उजळणीच्या बैठका. न शिकवलेल्या मुलांत सुमारे ३३ टक्क्यांना त्या काळात नैराश्याने गाठलं, शिकवलेल्यांत २१ टक्क्यांना. धोक्यातल्या मुलांचा आजार टाळता येतो, याचा हा चांगला पुरावा.

पण त्या अहवालातली खरी वाचण्यासारखी ओळ पुढे आहे. प्रयोगाच्या वेळी ज्यांची आई किंवा वडील नैराश्यातच होते, त्या मुलांना शिकवण्याचा फायदा झाला नाही. वर्गात ऊन मोजून मिळत होतं, घरी वणवा होता.

याचीच दुसरी बाजू मिर्ना वाइसमन यांनी २००६ साली दाखवली. नैराश्य असलेल्या १५१ आया औषधोपचार घेत होत्या. तीन महिन्यांत ज्या बऱ्या झाल्या, त्यांच्या मुलांमधल्या मानसिक तक्रारींचं प्रमाण ११ टक्क्यांनी उतरलं. ज्या बऱ्या झाल्या नाहीत, त्यांच्या मुलांत ते ८ टक्क्यांनी चढलं. मुलांना कुणी हातही लावला नव्हता.

म्हणून शेडनेटमधल्या त्या आईला द्यायचा पहिला सल्ला पोराबद्दलचा नाही. त्या घरात बाप गेल्या दिवाळीपासून झोपत नसेल, वावराकडे फिरकत नसेल, तर आधी त्याला दाखवावं. हे गावपातळीवर होऊ शकतं, याचा दाखला विदर्भात आहे. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत 'विश्राम' नावाचा प्रकल्प झाला. गावातल्याच कार्यकर्त्यांनी घरोघरी जाऊन नैराश्याबद्दल सांगितलं, समजूत घातली, गरज पडली तिथे डॉक्टरपर्यंत नेलं. आधी नैराश्य असलेल्या शंभरातल्या जेमतेम चार जणांनी मदत घेतलेली असायची, प्रकल्पानंतर सत्तावीस जणांनी. मराठवाडा-विदर्भातल्या १४ जिल्ह्यांसाठी राज्य सरकारने शेतकऱ्यांच्या समुपदेशनाची 'प्रेरणा' योजना आणली, तीही आशाताईंच्याच पायांवर उभी आहे. आशाताई घरी येते तेव्हा तिला बाळंतिणीबद्दल सांगतात, बापाच्या झोपेबद्दल नाही. एवढं बदललं तरी खूप.

५. घरात सांगायचं ते काय?

बहुतेक घरं काहीच सांगत नाहीत. चुलत्याला रात्री गाडीत घालून नेलं, दोन महिन्यांनी परत आणलं, मधल्या काळात 'कामाला गेलाय'. मूल आपला अर्थ लावतं, आणि तो बहुधा सत्यापेक्षा वाईट असतो. मी अभ्यास करत नव्हतो म्हणून आई आजारी पडली. काकांना मी उलट बोललो होतो, त्याच रात्री ते ओरडायला लागले.

बॉस्टनचे डॉ. विल्यम बिअर्डस्ली यांनी नैराश्यग्रस्त आईबाप असलेल्या कुटुंबांसाठी एक पद्धत बसवली. तिचा गाभा इतकाच की घरच्यांनी एकत्र बसून आजाराबद्दल मुलांशी बोलायचं, आणि तेही एकदाच बोलून थांबायचं नाही. जी मुलं 'हा आजार आहे, हा माझ्यामुळे झालेला नाही आणि मी म्हणजे माझे वडील नव्हे' एवढं समजून होती, ती जास्त सावरलेली त्यांना आढळली.

मराठीत हे बोलणं कसं वाटेल? साधारण असं. "काकांच्या मेंदूचा आजार आहे. त्यांना नसलेले आवाज ऐकू येतात. तू काही केलं म्हणून झालं नाही. गोळ्या घेतल्या की कमी होतं, बंद केल्या की वाढतं, हे तू पाहिलंस. तुला काही विचारायचं असलं तर मला विचार, नाहीतर मामाला." एवढं बोलायला दोन मिनिटं लागतात. धीर यायला मात्र वर्षं जातात.

ज्यांना शब्द सुचत नाहीत, त्यांना एखादा सिनेमा उपयोगी पडतो. धुळ्याकडचे, पुढे कॅनडातल्या कॅलगरीत प्राध्यापक झालेले डॉ. जगन्नाथ वाणी यांच्या पत्नीला स्किझोफ्रेनिया होता. तो लपवायचा नाही असं ठरवून त्यांनी पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशनचं काम उभं केलं. याच विषयावर सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा 'देवराई' २००४ साली आला. अतुल कुलकर्णी त्यात आजारी भाऊ झाला आहे, सोनाली कुलकर्णी बहीण. चौदा वर्षांच्या मुलाबरोबर बसून पाहावा असा तो आहे. मधे थांबवून बोललं तरी चालतं.

६. ५८ मार्कांचा हिशेब

आता मुलाला शिकवायचं ते. अल्बर्ट एलिस यांनी १९५० च्या दशकात विवेकनिष्ठ उपचारपद्धती मांडली. कि. मो. फडके यांनी ती मराठीत आणली, ठाण्याच्या आयपीएच संस्थेच्या डॉ. आनंद नाडकर्णी यांनी गावोगावी पोचवली. तिचा मुद्दा असा की घटना आणि भावना यांच्या मधे एक विचार दडलेला असतो, आणि तो तपासता येतो.

समजा, नववीतली एक मुलगी आहे. गणिताच्या चाचणीत शंभरपैकी ५८. घटना एवढीच. तिला वाटतं, सगळं संपलं. दोन दिवस ती मैत्रिणींना टाळते. मधला विचार वहीवर काढायला लावला तर निघतो: 'मला नेहमीच कमी पडतात. माझं डोकं काकासारखंच आहे.' आता याच्याशी वाद घालायचा. नेहमीच? मागच्या चाचणीत ७१ होते. डोकं काकासारखं? काका दहावीला गणितात पहिले होते, त्यांचा आजार मार्कांचा नव्हता. मग उरतं काय? भूमिती कच्ची आहे. याचं दुःख होईल, व्हायलाही हवं. पण ते दोन दिवस अंथरुणात काढण्याइतकं मोठं नाही. 'सगळं छान होईल' असं यात कुठेही म्हटलेलं नाही, हे लक्षात घ्यावं. खोटा धीर मुलांना लगेच ओळखू येतो.

विचार तपासून भागत नाही, कारण काही अडचणी खऱ्याच असतात. गोव्याच्या 'संगत' संस्थेच्या संशोधकांनी दिल्लीच्या सहा सरकारी शाळांत तीन पायऱ्यांची रीत वापरून पाहिली: अडचण नेमकी काय, पर्याय कोणकोणते, त्यातला एक करून बघ. शिकवणारे डॉक्टर नव्हते, थोडं प्रशिक्षण घेतलेले साधे पदवीधर होते. नुसती चित्रांची पुस्तिका मिळालेल्या मुलांपेक्षा समुपदेशक भेटलेल्या मुलांच्या अडचणी जास्त हलक्या झाल्या.

सोयाबीनच्या काढणीत दहा दिवस शाळा बुडाली, आता वर्गात काही कळत नाही आणि घरी चिडचिड होते, ही अडचण घ्या. 'माझं नशीबच असं' हा तिचा पसरट अवतार. नेमकी केली तर ती 'विज्ञानाचे दोन धडे राहिले' एवढी होते. पर्याय: मित्राची वही, मधल्या सुट्टीत सरांना विचारणं, रविवारी चुलत बहिणीकडे जाणं. एक निवडायचा, आठ दिवसांनी बघायचं. नाही जमला तर दुसरा.

झोपेचं इथेच उरकून टाकू. या वयाला आठ ते दहा तास लागतात, आणि मोबाईल उशाशी असला की ते मिळत नाहीत.

७. शाळेतला 'मित्र'

बिहारमधल्या नालंदा जिल्ह्यातल्या ७४ शाळांत 'संगत'नेच 'सेहर' नावाचा प्रयोग केला. निष्कर्ष २०१८ साली लॅन्सेटमध्ये आले. काही शाळांत बाहेरून एक समुपदेशक नेमला, त्याचं नाव 'मित्र'. काही शाळांत तेच काम शिक्षकाला दिलं. भित्तिपत्रक, मनातलं लिहून टाकायची पेटी, परिपाठातले विषय, हवं त्याला एकट्याने बोलायला वेळ. वर्षअखेर बाहेरच्या मित्राच्या शाळांत नैराश्य कमी झालं, दादागिरी कमी झाली. शिक्षकांच्या शाळांत फरक पडला नाही.

शिक्षकांना दोष देण्याआधी त्यांची अडचण पाहावी. जो माणूस तासाला गुण देतो आणि संध्याकाळी पारावर बापाला भेटतो, त्याच्याजवळ घरचं कोण बोलणार? सगळ्यांना सरसकट काहीतरी शिकवण्याचंही फारसं निभत नाही. ब्रिटनमध्ये ८५ शाळांतल्या आठ हजारांवर मुलांपैकी साधारण निम्म्यांना चित्त एकाग्र करण्याचे धडे दिले, २०२२ साली हिशेब लावला, आणि नेहमीच्या शिकवणीपेक्षा जास्त काही हाती लागलं नाही. पेटीतली चिठ्ठी वाचून त्या एका मुलाला गाठणारं माणूस जिथे होतं, तिथे फरक पडला.

८. कणखरपणाचं काम संपतं तिथे

सलग दोन आठवडे उदास किंवा चिडलेलं, झोप-भूक उडालेली, शाळा सुटलेली. किंवा नसलेले आवाज ऐकू येणं, घरच्यांवरच संशय घेणं, अंघोळ-कपड्यांची शुद्ध न राहणं. इथे रोप कणखर करत बसायचं नसतं. मरणाची भाषा निघाली तर थेट विचारावं, "जीव द्यावासा वाटतो का तुला?" विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही; उलट बोलायला वाट मिळते. त्या दिवसांत लेकराला एकटं ठेवू नये, घरातली औषधं हलवावीत. टेलिमानस ही सरकारी सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ वर फोन करायचा, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं.

राज्याची चार जुनी मनोरुग्णालयं ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरीला. मराठवाड्यात एकही नव्हतं. जालन्याला ३६५ खाटांचं मंजूर झालं. पण चौदा वर्षांच्या बहुतेक मुलांना खाट लागतच नाही. लवकर नेलं तर बाह्यरुग्ण विभागातल्या फेऱ्यांवर भागतं.

आणि सैलानी? गुजरातेत मेहसाणा जिल्ह्यात उनावाला मीरा दातारचा दर्गा आहे. तिथे 'दवा आणि दुवा' नावाने मनोविकाराचा दवाखानाच दर्ग्यात सुरू झाला. मुजावर दुवा करतात आणि मग स्वतःच रुग्णाला डॉक्टरच्या खोलीकडे पाठवतात. टेंभुर्णीच्या आईने एक वार सैलानीला द्यावा आणि एक जालन्याच्या जिल्हा रुग्णालयाला. गोळ्यांची पिशवी दोन्हीकडे बरोबर न्यायची, आणि शेडनेटमध्ये शेजारणीने विचारलंच, तर आजाराचं नाव सांगायचं.